ठिकरीशेटचं कार्ड

बाजारात त्यांना सगळे ठिकरीशेट म्हणत. धंदा कॉम्प्युटर विकण्याचा आणि दुरुस्तीचा, पण हौस फोडाफोडीची. गेममध्ये समोरून शत्रू गोळ्या झाडतोय आणि हे आपले कोपऱ्यात उभे राहून खिडकीच्या काचा फोडतायत, असा प्रकार. आयुष्यात एकही गेम त्यांनी शेवटाला नेला नाही. कोणती ठिकरी उडून कुठे पडली, एवढं पाहिलं की गडी खूश. मेला तरी खूश.

या वेडाचं मूळ एका कार्डात होतं. गेममधलं चित्र काढायला कॉम्प्युटरात एक कार्ड असतंच. मध्यंतरी बाजारात त्याच्या जोडीला आणखी एक आलं. भिंत पडली तर वीट कुठे घरंगळेल, धूर कुठे वळेल, काचेचे तुकडे कसे उडतील, एवढंच गणित ते करायचं. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि ते वापरणारे गेमही बोटांवर मोजण्याइतकेच. पुढे चित्राचं कार्डच तेही काम उरकू लागलं आणि जगाने या उपऱ्याला रामराम ठोकला. ठिकरीशेटनी नाही. त्याची खोकी त्यांच्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर अजून मांडलेली होती, आणि नुसता माऊस घ्यायला आलेला माणूसही त्या कार्डाचं पुराण ऐकल्याशिवाय सुटत नसे.

घरीही तेच. एकदा बायकोच्या हातून बरणी पडून फुटली, तर हे उकिडवे बसून बघतायत.

"अगं, कडेचा तुकडा बघ किती लांब गेला! आमचं कार्ड हुबेहूब असंच करतं."

"मग त्या कार्डालाच सांगा झाडू मारायला," बायको म्हणाली.

मुलगी कॉम्प्युटरचंच शिक्षण घेऊन आली होती. तिला दुसऱ्या गावात नोकरी चालून आली, पण जीव दुकानात अडकलेला. तिने बापाला स्पष्ट सांगितलं, "बाबा, दुकान मी सांभाळते. पण लोकांच्या गळ्यात नको ती वस्तू मारणार नाही. ती खोकी आधी खाली काढा."

ठिकरीशेट पेचात पडले. पोरगी गेली तर दिवसभर भांडायचं कुणाशी, या विचाराने त्यांना घास गिळवेना. पण कार्डाचा अपमान? तोही गिळवेना.

"दोन मशिनं शेजारी ठेव," ते गरजले. "एकात माझं कार्ड, दुसऱ्यात तुझं नवं. माझं कुठलं ते नुसतं बघून ओळखतो!"

"ओळखलंत तर खोकी राहतील आणि मी नोकरी धरीन. चुकलात तर खोकी खाली, मी इथे. कबूल?"

"कबूल!" तोंडातून शब्द गेला आणि मग त्यांना कळलं, की आपण जिंकलो तर पोरगी जाणार. ते रात्रभर कूस बदलत राहिले. शेवटी ठरवलं, मुद्दाम चुकायचं. बापाने पोरीपुढे हरायला कसली लाज?

दुसऱ्या दिवशी शेजारचे चष्मेवाले पंच म्हणून आले. दुसऱ्याच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास नसे, धंदाच तसा. मुलीने मशिनं कापडाने झाकली आणि दोन्ही पडद्यांवर एकच गेम लावला. भिंत कोसळली, काचा फुटल्या, विटा घरंगळल्या. दोन्हीकडे सारखंच.

"काही फरक नाही," चष्मेवाले डोळे बारीक करून म्हणाले. "शेट, यात ओळखण्यासारखं काहीच नाही. अंदाजाने सांगून टाका."

अंदाजाने? ठिकऱ्या पाहण्यात हयात घालवलेल्या माणसाने अंदाजाने? ठिकरीशेटच्या टाळूला आग लागली.

"हे डावं! आंधळ्यालाही कळेल!"

मुलीने कापड ओढलं. डावंच होतं.

"शेट जिंकले!" चष्मेवाल्यांनी टाळी वाजवली. वाजवणारे ते एकटेच. मुलीचा चेहरा उतरला आणि शेटना आपली जीभ चावून तुकडा पाडावासा वाटला.

"कसं ओळखलंत, बाबा?" तिने हळूच विचारलं.

काच खरी फुटते, धूर खरा वळतो, हे पुराण त्यांना तोंडपाठ होतं. पण पोरीकडे बघून ते निघेना.

"भिंत पडताना अडखळलं ते," ते पुटपुटले. "तुझं अडखळलं नाही."

"जुनं झालं म्हणून?"

"छे. पहिल्या दिवसापासून अडखळतंय."

चष्मेवाल्यांची टाळी हवेतच राहिली. शेट स्टुलावर चढले आणि एकेक खोकं खाली देऊ लागले. शेवटचं ओढताना फळीच सरकली. खळ्ळकन आवाज झाला आणि दुकानभर काच पसरली.

मुलगी उकिडवी बसली.

"बाबा, बघा ना, कडेचा तुकडा पार उंबऱ्यापर्यंत गेलाय!"

ठिकरीशेटनी एरवी तिच्या शेजारी बैठकच मारली असती. पण ते कोपऱ्यातून झाडू घेऊन आले.

"बाजूला हो, पायात जाईल," ते म्हणाले. "उद्यापासून गल्ल्यावर तुला बसायचंय."