शिवण व नित्य

माझ्या थोरल्या जाऊबाई शाळेत शिवण शिकवतात. सरकारी शाळा, सातवीपर्यंतची. मी तिथेच दुसरीचा वर्ग घेते, त्यामुळे त्यांची बोलणी मला घरी एकदा आणि शाळेत एकदा अशी दोनदा खावी लागतात. मुलं त्यांना मागून दोराबाई म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, आणि आवडतंही.

लहानपणी त्या नाच शिकायच्या. क्लास पार दुसऱ्या टोकाला होता. ने-आण करणारा भाऊ नोकरीला लागला आणि चौदाव्या वर्षी त्यांचा नाच सुटला. "शाळेतच असता ना, तर सुटला नसता गं," हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले. गेल्या वर्षी मात्र तेच वाक्य घेऊन त्या थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

आमचे सर स्वतः मराठी शिकवतात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की अर्धा गुण कापतात, मग समोर कुणीही असो. बरेच आढेवेढे घेऊन ते म्हणाले, "शुक्रवारचा शेवटचा तास घ्या. पण तपासणीला साहेब येतील, ते नको म्हणाले की बंद. मग माझ्यापुढे रडायचं नाही."

"रडेन कशाला? बंद होईपर्यंत नाचेन की," जाऊबाई म्हणाल्या.

गणिताच्या मास्तरांना राहवलं नाही. "काय बाई, आता अपूर्णांकही ठुमकत शिकवायचे का?"

"तुमच्या तासाला पेंगतात, त्यापेक्षा ठुमकलेली बरी."

नाचाला जागा म्हणजे शिवणाचीच खोली. मशिनं भिंतीकडे सरकवायची. पण अनवाणी नाचायचं तर खाली पडलेल्या सुया-टाचण्या आधी वेचायला हव्यात. जाऊबाईंनी बिघडलेल्या कर्ण्यातलं लोहचुंबक काढून त्याला नाडी बांधली. ते सगळ्या फरशीवरून ओढायचं, मग चपला दाराबाहेर, मग नाच. लोहचुंबक कुणी ओढायचं यावरून पोरींची दर शुक्रवारी नवी भांडणं.

दारावरची पाटी सरांनी हौसेने स्वतः रंगवली. 'शिवण व नित्य'. मी वाचली, पुन्हा वाचली.

"ताई, अहो, ते नृत्य हवं ना?"

"गप्प बस. तास मिळालाय. एका अक्षरापायी घालवू नकोस."

आणि सांगणार तरी कोण? सरांचा अर्धा गुण कापायची छाती कुणाचीच नव्हती.

असे चार महिने गेले. "हल्ली शुक्रवारी लोहचुंबकाला एक सुई चिकटत नाही बघ," डबा खाताना जाऊबाई म्हणायच्या. "पोरी फार नीटनेटक्या झाल्यात माझ्या."

तपासणी नेमकी मंगळवारी आली. सहावीच्या मुलींचा शिवणाचा तास चालू होता. माझी पिल्लं मी रांगेत घेऊन त्याच दारावरून चालले होते. साहेब पाटीपाशी थांबले.

"शिवण व नित्य. नित्य काय?"

सरांनी पाटीकडे पाहिलं. आपलंच अक्षर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं असावं. कान लाल झाले. "नृत्य, साहेब. म्हणजे ते... नित्य चालतं. रोज."

"रोज? कागदावर तर शुक्रवार दिसतोय. दाखवा बरं."

मी मनात देवाचं नाव घेतलं खरं, पण खोट्याला सांभाळून घे असं त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? जाऊबाईंनी कात्री खाली ठेवली. "साहेब, खरं सांगते, मी शुक्रवारीच..."

पण त्यांचं ऐकतंय कोण! पोरींनी मशिनं सरकवायला घेतली होती. एकीने नाडी धरून लोहचुंबक ओढलं, बाकीच्यांनी चपला दाराबाहेर ओळीत लावल्या. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"सुया वेचतोय. रोजच वेचतो," लोहचुंबकवाली म्हणाली.

"रोज? कधी?"

"मधल्या सुट्टीत. शिपाईमामा उघडतात की खोली."

शिपाईमामा पाण्याचा ट्रे घेऊन मागेच उभे. "पाटीवर लिहिलंय ना साहेब, नित्य. नित्य म्हणजे रोज. लिहिलंय तसं मी उघडतो."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. लोहचुंबकाला सुया का चिकटत नव्हत्या, ते दोघींनाही एकदमच कळलं. मग त्यांनी मोजपट्टी उचलली आणि टेबलावर ठेका धरला. शिकवलेली पावलं झाली, आणि पोरी थांबल्याच नाहीत. पुढची त्यांनी आपसांत बसवली होती. गिरकीत एक धपकन बसली, हसली, उठून पुन्हा ठेक्यात आली. जाऊबाईंचा ठेका तेवढा तिथे एकदा चुकला. त्या डोळे पुसत होत्या.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'नृत्य नित्य चालते. तसेच चालू ठेवावे.' जाताना सरांना म्हणाले, "पाटीचा अर्धा गुण मात्र कापावा लागेल."

साहेबांच्या शेऱ्यापुढे आमच्या शाळेत कुणाचं काही चालत नाही. आता रोज अर्धा तास नाच असतो. सरांनी रंगाचा डबा काढला तेव्हा वाटलं, नित्य खोडणार. त्यांनी ते तसंच ठेवलं आणि पुढे 'नृत्य' रंगवलं, ऋकार जरा जास्तच ठळक.

"रोज नाचायचं म्हणजे माझ्या गुडघ्यांचं काय गं?" घरी आल्यावर जाऊबाई कुरकुरल्या.

"शाळेतच असता ना, तर..." मी सुरू केलं.

"पुरे!" म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या. ओट्यापर्यंत गेल्या त्या पावलं मोजतच.