अर्ध्या ओठाचे सहा महिने

पापड लाटताना हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. म्हणून सौंसरला आमच्या महिला समूहाच्या खोलीत पापडांच्या बरोबरीनं किस्सेही निघतात. गेल्या वर्षी त्यातले निम्मे माझ्या एकटीच्या हनुवटीनं पुरवले.

झालं असं, की पांढुर्ण्याला जाऊन मी खालची अक्कलदाढ काढून घेतली. ती आडवी होती, मुळं नसेला टेकलेली. इंजेक्शनचा बधिरपणा संध्याकाळी उतरेल म्हणून घरी मऊ भात टाकायला सांगितला होता. आठवडा गेला तरी खालचा उजवा ओठ आणि हनुवटी दुसऱ्याच कुणाची तरी वाटे. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, नस दुखावली आहे, बहुतेकांचं परत येतं, पण महिने लागतात. नाहीच आलं तर, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सहा महिने वाट पाहू."

परतीच्या बसमध्ये मोहगाव येईपर्यंत मी रडले. अश्रू हनुवटीवर पोचले की डावीकडचे कळत, उजवीकडचे हरवत.

* * *

पहिला तमाशा चहाचा. उजव्या कोपऱ्यातून चहा गळायचा आणि मला पत्ताच नसायचा. एकदा लाटलेल्या पापडावर चहाचा मोठा गोल डाग पडला. शेजारी बसणारी मंदा माझी जुनी मैत्रीण, पण जीभ अशी की विचारू नका. तिनं तो पापड उचलला, नीट वाळवला आणि डब्यात वेगळा ठेवला. म्हणाली, "हा होणाऱ्या जावयासाठी राहू दे. चहा वेगळा करावा नाही लागत."

* * *

मॅडम दर महिन्याला टोकदार काडीनं टोचत, आणि जिथं कळत नाही तिथपर्यंत पेनानं रेघ काढत. रेघेचा घेर कमी झाला तर समजायचं, नस जागी होत आहे.

एकदा बस उशिरा आली, म्हणून मी रेघ न पुसता तशीच मंदाकडे हळदीकुंकवाला गेले. तिच्या सासूबाईंनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

"गोंदण कुठं केलं वं? अन अर्धंच काऊन ठेवलं?"

वयस्कर बाई, काय समजावणार? मी म्हटलं, बाकीचं पुढच्या महिन्यात.

"मंग मलेबी घेऊन चाल. माह्या हातावरचा मोर पुसून गेला."

पुढच्या महिन्यात खरंच त्या पिशवी घेऊन बस स्टँडवर हजर होत्या!

* * *

मला हनुवटीला भाताचं शीत लागलेलं कळत नसे, म्हणून मंदानं खूण ठरवली. तिनं आपल्या हनुवटीला बोट लावलं की मी माझी पुसायची.

तिच्या मुलीला पाहायला तिगावचे पाहुणे आले. पोहे चाखून द्यायला मी होते. मंदानं हनुवटीला बोट लावलं. मी घाबरून डावी बाजू पुसली. मग समूहाच्या अध्यक्ष वच्छलामावशींनी लावलं. मग खुद्द नवरीनं. मुलाची आई इकडेतिकडे पाहत होती. तिनं पदर सावरून आपल्याही हनुवटीला बोट लावलं आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं. त्यांनीही लावलं. शेवटी मुलानं. सगळी बैठक गंभीर चेहऱ्यानं तशीच बसली, आणि पोहा माझ्या हनुवटीवर तिथल्या तिथे.

लग्न जमलं. साखरपुड्याला तिगावची सगळी मंडळी आली आणि नारळ देण्याआधी एकेकानं हनुवटीला बोट लावलं. मुलाच्या आईनं मंदाला कौतुकानं सांगितलं, तुमच्याकडची रीत आम्ही लक्षात ठेवली बरं.

* * *

हसत होते सगळ्यांबरोबर, पण पाचव्या महिन्यातही रेघ जिथल्या तिथे होती. मॅडमनी या वेळी नुसतं पेनाचं टोपण लावलं. घरी हे म्हणाले, दुखत तर नाही ना, मग झालं. दुखत नव्हतं, तेच तर दुःख होतं.

सहावा महिना संपायला चार दिवस होते. आम्ही सांडगी मिरच्या करत होतो. वच्छलामावशी गच्चीवर पापड वाळवायला गेल्या होत्या. खोलीत मी आणि मंदा, मध्ये चिरलेल्या मिरच्यांचं घमेलं. घाम आला म्हणून मी हातानं हनुवटी पुसली.

थोड्या वेळानं वाटलं, उजवीकडे ऊन लागतंय. खोलीत ऊन नव्हतं.

माझ्या तोंडाकडे पाहून मंदा ओरडली, मिरचीचा हात लावला का वं, आणि तुपाची वाटी घेऊन धावली. मी तिचा हात धरला.

"तूप नको लावू."

"पागल झाली का? लाल होऊन राहिलं!"

"मंदे, जळून राहिलं."

वाटी तिच्या हातात तशीच राहिली. मग तिनं ती खाली ठेवली. आम्ही दोघी एकमेकींना धरून हसत होतो आणि दोघींच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

तेवढ्यात वच्छलामावशी जिना उतरून आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग घमेल्याकडे पाहिलं.

"यंदा मिरची चांगली निंघाली," त्या म्हणाल्या.