साडूभाऊंची डावी बाजू

हिंगोलीत बेसूर माणूस एकही नाही, यावर माझ्या साडूभाऊंचा ठाम विश्वास आहे. त्यांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार, सुरात असलेली आणि अजून नीट न वाळलेली. हा वाळण्याचा हिशेब त्यांच्या धंद्यातला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान उभं आयुष्य हळदीच्या बाजारात माल पारखत होते. हळकुंड कानाशी न्यायचं, कट्‌कन मोडायचं आणि आवाजावरून सांगायचं, माल वाळलाय की आत ओल आहे. काम सुटल्यावर हळकुंडं गेली, पण कान रिकामा बसेना. तेव्हा त्यांनी माणसं पारखायला घेतली आणि बावीस जणांचं समूहगान मंडळ काढलं.

मंडळात येणाऱ्याला ते गायला लावत नाहीत. फक्त स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. साडूभाऊ उजवा कान पुढे करून ऐकतात आणि निकाल देतात, "ओल हाय. पंधरा दिवस तोंड मिटून गुणगुणा." एका साहेबांना हे फार लागलं होतं. पण पंधरा दिवसांनी तेच साहेब गुणगुणतच दारात हजर झाले. तांड्यावरच्या गुलाबबाईंना मात्र परीक्षाच द्यावी लागली नाही. त्या गल्लीत भाजी विकायला यायच्या. एका सकाळी त्यांची 'मेथीऽऽ' ऐकून साडूभाऊ अर्धी दाढी तशीच ठेवून, गालाला फेस घेऊन रस्त्यावर धावले. "बाई, तुमी वरच्या सा मधी मेथी विकून राहिल्या!" गुलाबबाई म्हणाल्या, "दादा, घ्यायची तर घ्या, न्हाई तर वाट सोडा." साडूभाऊंनी पाटीतली सगळी मेथी घेतली. अक्का, म्हणजे माझ्या मेव्हणीबाई, आठवडाभर मेथीच करत होत्या.

शिकवायची पद्धतही जगावेगळी. तालमीला सगळ्यांनी त्यांच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभं राहायचं. कुणी चोरून वळलंच तर ओरडायचे, "माह्याकडं काहून पाहून राहिले? माह्या तोंडावर सूर लिहिलाय का? शेजारच्याचं ऐका!" शेजारच्याचा आवाज ऐकू येत नसेल तर तुमचा जास्त झाला, हा पहिला नियम. ज्यांचं आपसात पटत नाही त्यांना शेजारी उभं करायचं, हा दुसरा, कारण भांडणारी माणसं एकमेकांचा शब्द न शब्द लक्ष देऊन ऐकतात. तिसरा नियम श्वासाचा. शेजाऱ्यांनी एकाच वेळी दम घ्यायचा नाही, नाहीतर गाणं मधेच बसतं. माझ्या शेजारी शिलाईकाम करणारे एक चाचा असतात. आम्हाला या नियमाची इतकी सवय झालीय, की टपरीवर चहाचे घोटसुद्धा आम्ही आळीपाळीनं घेतो.

मी शाळेत शिकवायचो, म्हणून मंडळात सगळे मला गुरुजी म्हणतात. माझी जागा पहिल्या दिवसापासून ठरलेली, साडूभाऊंच्या अगदी डाव्या हाताला. मला हा मोठा मान वाटायचा. घरी चारचौघांत मी तो सांगतही असे. बायको कांदा चिरत राहायची.

मंडळ काढतानाच साडूभाऊंनी सांगितलं होतं, "ज्या दिवशी मला ओल कळणार न्हाई, त्या दिवशी हे बंद." त्यामुळे गेल्या वर्षीपासून ते सारखे "मोठ्यानं, मोठ्यानं" म्हणायला लागले, तेव्हा आम्ही कारण न विचारता आवाज चढवला. अक्कांनी त्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या आणि डाळ करपली. आम्ही सगळ्यांनी काही झालंच नाही असं दाखवलं. साडूभाऊंना हे कळलं असतं, तर मंडळच संपलं असतं.

मग जवळा बाजार या गावातला कार्यक्रम आला. साडूभाऊंनी नेहमीप्रमाणे तोंडानं सूर दिला, आणि तो इतका वरचा दिला, की बायकांचे चेहरे खर्रकन उतरले. ते मलाही दिसलं. पण गुलाबबाईंनी डोळे मिटले आणि खाली जिथं जमेल तिथं सूर धरला. बाकीच्यांनी शेजारच्याचं ऐकलं आणि मागोमाग गेले. साडूभाऊ हसऱ्या तोंडानं हात हलवत राहिले. टाळ्या भरपूर पडल्या.

येताना चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "गुरुजी, मी दिला तोच सूर धरला का त्यांनी? बाकीचे मया करतात, खोटं बोलतील."

"अगदी तोच," मी म्हणालो.

"तुमाला काय कळतंय! तुमाला सूर कळत असता तर काय पाहिजे होतं," ते हसले. "गुलाबबाईचं तोंड पाह्यलं मी. आता बंद करतो." मग चहा संपवून म्हणाले, "डावा कान तर जुनाच गेलाय. म्हणून तर तुमाला डावीकडं उभं केलं व्हतं. आता उजवाबी चालला. आता कुठंबी उभे राहा, गुरुजी."

माझा इतक्या वर्षांचा मान त्या टपरीवर उतरला. मला हसूही आलं आणि फार वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते तालमीला आले नाहीत, म्हणून आम्ही बावीसच्या बावीस जण त्यांच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. गुलाबबाई पुढं झाल्या. त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "दादा, शेजारच्याचं ऐकायला तुमीच शिकवलं न? मंग आज आमचं ऐका. चला!"

आता साडूभाऊ गोलाच्या मधोमध उभे राहतात. कानाचं मशीन अक्कांच्या फडताळात पडून आहे, कारण त्यातून गुलाबबाईसुद्धा कुकरसारख्या ऐकू येतात. मी डावी बाजू सोडून चाचांसह उजवीकडे आलोय, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून पहिला नियम मोडून जरा मोठ्यानंच गातो. बाकीचे ते सहन करतात.

परवा मधल्या ओळीला माझा आवाज नेहमीसारखा भलतीकडे गेला, आणि साडूभाऊंच्या कपाळावर बारीकशी आठी आली. त्यांनी हात थांबवला, उजवा कान पुढे केला आणि म्हणाले, "गुरुजी, ओल हाय अजून."

म्हणजे ओल त्यांना अजून कळत होती. चाचांनी माझा हात दाबला. इतकं मोठं कौतुक माझ्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि पुढची ओळ मी आणखी मोठ्यानं म्हटली.