जावेच्या गाईच्या कानातला आकडा

माझ्या धाकट्या जावेच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला आहे. त्यावर बारा आकडी नंबर: ३४०१२७५१८७३१. माझ्या गाईचा त्याच्या लगेच पुढचा, शेवटी ७३२. सांगवीतल्या आमच्या सामाईक अंगणात गुरांच्या डॉक्टरनं एकाच सकाळी दोन्ही बिल्ले मारले. नंबराचा कुणाला हेवा वाटतो का? मला वाटला.

मी चौथी शिकले. अंकांची बेरीज बघून तीननं, नऊनं भाग जातो का ते मी तोंडी सांगते. आमच्या दोन्ही घरांत ते मलाच येतं. माझ्या लेकीची लेक बारामतीला कॉलेजात गणित शिकते. रविवारी आली की ती माझ्याच ओट्यावर बसायची ती त्यासाठी. जाऊ सातवी झालेली, पण पाढे तेरावर अडतात.

एका रविवारी नातीला कॉलेजातल्या तक्त्यासाठी मोठा आकडा हवा होता, काहीतरी खुबी असलेला. मी माझी गाय पुढं केली. तिनं उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडले आणि एक सोडून एक गट मिळवले. ७३२ आणि १२७ मिळून ८५९. ५१८ आणि ३४० मिळून ८५८.

"एकानं चुकलं की गं आज्जी! दोन्ही सारखे आले असते तर सात, अकरा, तेरा, तिन्हींनी भाग गेला असता. ह्याच्या आधीचा नंबर कुणाचा?"

जाऊ पाटीत शेण भरत होती. "माझ्या गाईचा हाय," ती म्हणाली.

नात तिच्या गोठ्याकडं पळाली.

"मंग माझ्या नंबराला कशानंच भाग जात न्हाय व्हय?" मी मागून विचारलं.

"चारनं जातो!"

"गाईला सड बी चारच हायती, अक्का. बास की," जाऊ म्हणाली.

मला राहवलं नाही. "थोरलीची गाय पुढं पायजे हुती. ही मधी घुसली, म्हणून तो नंबर हिला."

जावेनं पाटी खाली आदळली. "मी घुसले? तुमीच म्हणला, तुझी पुढं घे, कान फाटतोय का बघू!"

खरं होतं. मी तसंच म्हणाले होते.

नात हसत सुटली. मग तिनं जावेचा आणि गाईचा फोटो काढला. गाय उभी राहीना, म्हणून दावं मला धरावं लागलं.

तोवर मी मनात जावेच्या नंबराची बेरीज केली होती. बेचाळीस. म्हणजे त्याला तीननंही भाग जात होता. मी मुद्दाम बोलले नाही. नात विचारेल, मग सांगू, म्हटलं.

पुढच्या रविवारी तिनं तक्ता आणला. फोटोखाली ओळीनं लिहिलं होतं: तीन, सात, अकरा, तेरा. तीन सगळ्यात आधी. फोटोत जाऊ, गाय, आणि कडेला दावं धरलेला माझा हात.

"तीन कुणी सांगितला?" मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं, आज्जी?" ती म्हणाली, आणि तक्ता दाखवायला जावेच्या ओट्यावर गेली.