अक्कांचा चर

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात फळ्यावर गणित मांडत होते. शिपाई दारातूनच म्हणाला, "बाई, पाचोऱ्याकडून फोन आहे." आमच्या गावच्या शेजाऱ्यांचा, नानांचा फोन. "सकाळी अंगणात काम करता करता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत…" कसलं काम, ते मी विचारलं नाही. ज्येष्ठ लागला होता. अक्का चर खणत असणार, दुसरं काय! जळगावहून आम्ही नवरा-बायको पोहोचलो तेव्हा चर अर्धाच झाला होता आणि कुदळ भिंतीला नीट टेकवून ठेवलेली होती. काम सोडताना हत्यार जागेवर ठेवायचं, ही शिस्त त्यांनी जातानाही मोडली नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. ऐन तारुण्यात नवरा गेला, तशा माहेरी आल्या त्या कायमच्याच. आमचं घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर आणि खाली कच्च्या विटांच्या भिंती. शिवाय साऱ्या गल्लीचा उतार आमच्या दाराकडे. त्यामुळे पावसाआधी धाब्यावर खारी माती पसरायची, पन्हाळी साफ करायच्या आणि सगळं पाणी भिंतीपासून लांब, मागच्या नाल्यापर्यंत नेणारा चर मोकळा करायचा, ही कामं दरवर्षी ठरलेली. अक्का ती दुसऱ्या कोणाला करू द्यायच्या नाहीत. मी धुळ्याच्या पक्क्या घरात वाढलेली, गटार नगरपालिका करते एवढंच मला ठाऊक. लग्नानंतर पहिल्याच वर्षी पाहिलं, तर या बाई उंबऱ्यापुढे तांब्याभर पाणी ओतून, कमरेवर हात ठेवून, ते कुठे जातं ते बघत उभ्या! त्यांच्या दोन्ही मांजरी पाय ओले होतील म्हणून ओट्यावर जाऊन बसलेल्या. मला हसू आवरेना. अक्कांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "पह्यले पानीले इचार, मंग कुदय हातमा ले."

पुढे वैशाखात धाकट्या दिरांचं लग्न निघालं. मांडव दारात पडायचा आणि बरोबर मधून हा चर. पाहुण्यांनी काय उड्या मारत जेवायला बसायचं? मी चरात चार बोटं रुंदीचा एक पाइप टाकून घेतला, वरून मुरूम पसरून चोपून घेतला आणि शेणाचा सडा घातला. अंगण कसं एकसारखं झालं! मला स्वतःचंच कौतुक वाटलं. अक्का पाइपाकडे आणि जळणासाठी रचलेल्या कापसाच्या पराट्यांकडे बघत म्हणाल्या, "सुमन, पराटीनी एक काडी अडकनी का हाई नळी बंद व्हई जाई." मी म्हटलं, "अक्का, धुळ्याला सगळीकडे असंच असतं." शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण मी तर अतिशहाणी! त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. लगीन झायं का मोकळा करजो." मी हो म्हटलं. लग्न झालं, पाहुणे गेले, आणि ते सपाट अंगण उकरायचं माझ्या जिवावर आलं. अक्कांनी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले, "बघते ना मी!" त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी घरची सून होते, त्या माहेरी राहिलेल्या लेक होत्या… हा अर्थ मला फार उशिरा लागला.

श्रावणात तीन दिवसांची झड लागली. तिसऱ्या दुपारी बघते तो अंगणात गुडघाभर पाणी, आणि ते हलेचना. पाइपात पराटीच्या काड्या आणि गाळ बसला होता. मी बादलीने पाणी उपसायला लागले. अक्का कुदळ घेऊन पावसात उतरल्या आणि मी चोपून घेतलेला मुरूम फोडायला लागल्या. शेवटी पाण्याला वाट मिळाली, घर वाचलं. पण त्यांच्या खोलीची भिंत दिवसभर पाणी पीत होती, ती डोळ्यांदेखत बसली. त्या भिंतीवर त्यांच्या यजमानांचा फोटो होता. एकुलता एक. लग्नानंतर जळगावला जाऊन काढलेला. अक्कांनी तो चिखलातून उचलला, काच काढली आणि पदराने हळूच पुसायला गेल्या, तर चेहराच पदराला लागून आला.

मी रडायला लागले. त्या माझ्याजवळ आल्या. "येडी, रडू नको. घरमा समदा जिवत शेतस, हाई काय कमी शे?" संध्याकाळी हे शेतातून आले, भिंत बघून हबकले. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "उंदिरस्नी पोखरी टाकी व्हती." गावालाही त्यांनी तेच सांगितलं. मी गप्प राहिले, आणि पुढेही गप्पच राहिले. पुढच्या ज्येष्ठात अक्कांनी माझ्या हातात तांब्या दिला. पाणी त्या सांगतील तिथे मी ओतायचे. आम्ही जळगावला राहायला गेल्यावरही दर ज्येष्ठात त्यासाठी एक रविवार मी गावी जात होते. या वर्षी शाळा सुरू होण्याची गडबड होती म्हणून पुढच्या रविवारी येते असं कळवलं होतं…

दिवसकार्य आटोपल्यावर उरलेला चर मी खणायला घेतला. तांब्या ओतला, तर पाणी फिरून उंबऱ्याशीच आलं. पुन्हा खणलं, पुन्हा ओतलं. तिसऱ्या वेळी ते सरळ नाल्याकडे निघालं आणि मी सवयीने म्हणाले, "अक्का, गेलं बघा!" ओट्यावर हे बसले होते. मला राहवेना. म्हटलं, "ती भिंत उंदरांनी नव्हती पाडली. माझ्यामुळे पडली."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "अगं, दोन मांजरींच्या घरात उंदीर कुठून येणार?"

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"अक्कानं मला शपथ घातली होती. म्हणाली, सुमनला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल."

हातातला तांब्या रिकामा झाला होता. अक्का असताना सांगायला बारा पावसाळे मिळाले होते मला.