गाडेकर सरांची चार ध्येयं

स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ऑफ पिरियडला चहा येतो, एकाने सुरू केलं की दुसऱ्याला काहीतरी आठवतं. बेलापूरच्या आमच्या शाळेत पंधरा वर्षं मराठी शिकवतेय, त्यामुळे माझ्याकडे ढीगभर साठलेत. त्यातले गणिताच्या विलास गाडेकर सरांचे मात्र हल्ली कुणी हसून सांगत नाही.

*

सरांची शुगर वाढली. डॉक्टर म्हणाले, थोडं वजन उतरवा. सरांनी एकदम चार गोष्टी धरल्या. सोळा तासांचा उपास, भात-साखर-गूळ बंद, रोज दहा हजार पावलं आणि शंभर सूर्यनमस्कार.

मी म्हटलं, "सर, एका वेळी एक करा की."

"वजन काय एका बाजूनं वाढलंय का, मॅडम? चारी बाजूंनी वाढलंय."

*

पहिले दोन महिने मजा होती. एकदा नववीच्या वर्गात समीकरण सोडवता सोडवता सर थांबले. घड्याळ पाहिलं, उपास सुटला होता. खिशातून उकडलेलं अंडं काढून खाल्लं आणि पुढची पायरी लिहिली. परीक्षेत सुपरव्हिजनला तर ते खुर्चीला टेकायचेच नाहीत. मुलांना सांगायचे, "पेपर तुमचा, पावलं माझी."

*

वजन भराभर उतरलं. पॅन्ट आल्टर करायला सर गावातल्या म्हाताऱ्या टेलरकडे गेले. त्याने टेप लावून कंबर मोजली, खांदा मोजला आणि काहीच लिहून घेतलं नाही.

"लिहा की, चाचा."

"ह्ये माप हाय माझ्याकडं," म्हणत त्याने खालच्या फळीवरून एक जुनी वही काढली. मापावर नाव होतं प्रकाश गाडेकर. सरांचे थोरले भाऊ. पंचविशीत टायफॉईडने गेले, तेव्हा सर दहावीत होते.

*

मग आठवडे बाजारात एका माणसाने लांबून हाक मारली, "पक्या!" जवळ आला, सरांचा चेहरा नीट पाहिला आणि हातातली भाजीची पिशवी तिथंच टाकून निघून गेला.

"मला त्याचं काही वाटलं नाही, मॅडम," सर हळू आवाजात म्हणाले. "हाक आली तेव्हा मी ओ दिली."

"बास करा आता हे सगळं," आमचे काळे सर म्हणाले.

गाडेकर सरांनी खरंच बास केलं. भात, साखर, सगळं परत सुरू. चालणं बंद. महिना गेला. काटा अर्धा किलोसुद्धा वर सरकला नाही. डॉक्टर खूष होते.

*

दोन दिवस सर शाळेत आले नाहीत, म्हणून मधल्या सुट्टीत मी आणि काळे सर त्यांच्या घरी गेलो. सर जेवायला बसले होते. त्यांच्या आईंचं वय ऐंशीच्या पुढं, पण नजर आणि डोकं दोन्ही शाबूत. मला नावाने हाक मारून त्यांनी बसवलं. मग सरांच्या ताटात आणखी भात वाढला, वर गुळाचा खडा ठेवला.

आई उंबऱ्यात गेल्या. कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत राहिल्या.

"विलास अजून आला न्हाई रं चालून."

शाळेत कधी गावरान शब्द तोंडातून न काढणारे गाडेकर सर, ताटावरची मान वर न करता म्हणाले, "यील की. लई लांब गेलाय त्यो."