कोलम नसलेली दारं

"आई, या वर्षीही यायला जमत नाही गं," असं मुलाने रविवारी फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी दारात कोलम घालायचा सोडला. साताऱ्याहून लग्न होऊन तंजावरला आले तेव्हा सासूबाईंनी हात धरून शिकवलेली ही तांदळाच्या पिठाची रांगोळी. तीसेक वर्षांत बाळंतपण आणि सुतक सोडलं तर एक दिवस चुकली नव्हती. शेजारी कुणी विचारलंच तर सांगायला कारण तयार ठेवलं होतं: गुडघे धरलेत. ते खरंही होतं, पण मुळात मी रुसले होते. रुसावं कुणावर, तर अमेरिकेत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या पोरावर, ज्याला माझ्या दारात काय आहे नि काय नाही हे कधी कळणारच नव्हतं. हे गेल्यानंतर रुसायला घरात दुसरं होतं तरी कोण?

तीन महिने उंबऱ्यापुढची जागा कोरडी राहिली. गल्लीत कुणीही विचारलं नाही. आधी बरं वाटलं, मग राग आला, मग रागही येईनासा झाला. त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई चालली होती. टीव्हीवरच्या बातम्या मी आवाज मोठा करून लावायची, कारण तेवढा वेळ घरात कुणीतरी बोलत असायचं.

अशातच एकदा गुडघ्यांचं तेल आणायला तिरुवैयारूच्या वैद्यांकडे निघाले. वाटेत एका खेड्यापाशी बस थांबली ती थांबलीच. रस्ता माणसांनी भरला होता. कंडक्टर म्हणाला, लढाईत कामी आलेला इथला जवान आज येतोय, तासभर तरी हलता येणार नाही. बसमध्ये जीव उकडून निघाला म्हणून मी उतरले आणि जवळच्या गल्लीत एका घराच्या ओट्यावर जाऊन टेकले. घरातल्या म्हातारीने काही न विचारता ताकाचा पेला पुढे केला.

ताक पिता पिता लक्षात आलं, अख्ख्या गल्लीत एकाही दारात कोलम नव्हता. काय आळशी बायका, मी मनात म्हटलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला नेहमीच लवकर दिसतं. राहवेना म्हणून म्हातारीला विचारलंसुद्धा.

"कसा घालणार अम्मा? मरण झालंय ना," ती तमिळमध्ये म्हणाली.

"तुमच्या नात्यातला होता?"

"नात्यातला नाही, जातीतलाही नाही. त्या टोकाच्या घरचा. लहान होता तेव्हा रोज सकाळी सगळ्यांच्या कोलमवरून सायकल दामटायचा. मी एकदा झाडू घेऊन मागे धावले होते." ती हसली आणि हसतानाच तिचे डोळे भरले. "निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दारं उघडली, तर कुणीच घातला नव्हता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सोळा दिवस नाही घालायचा."

लष्कराचा ट्रक गल्लीत मावेना. जवानांनी झेंड्यात गुंडाळलेली पेटी खांद्यावर घेतली आणि ते पायी निघाले. बाया आपापल्या दारात उभ्या होत्या. पेटी समोर आली की एकेक जण पुढे होऊन मूठभर फुलं टाकी. म्हातारीने आपल्यातली अर्धी माझ्या हातात दिली, मीही टाकली. टोकाच्या घरापाशी त्याची आई उभी होती. तिला चौघींनी धरलं होतं, आणखी दहाजणी मागे होत्या. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. तिच्यासाठी गावाने आपली दारं कोरडी ठेवली होती, आणि माझं दार तीन महिने कोरडं होतं तरी कुणी हाक मारली नव्हती.

मग तिने पेटीवर डोकं टेकलं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मी जीभ चावली. कोरड्या दाराचा अर्थ मला काय ठाऊक नव्हता? साताऱ्यातही सुतकात रांगोळी काढत नाहीत. धडधाकट, दर रविवारी न चुकता फोन करणाऱ्या पोराचं मी तीन महिने सुतक पाळत बसले होते.

तेल राहिलं. परतीची पहिली बस धरून घरी आले. दुपारचे दोन वाजले होते. या वेळेला कोलम कुणी घालत नाही. उंबऱ्यापुढे पाणी मारलं, ते बघता बघता वाळलं, पुन्हा मारलं. वाकता येईना म्हणून चक्क रस्त्यावर फतकल मारून बसले आणि ठिपके टाकायला घेतले. ओळी वाकड्या येत होत्या.

समोरच्या घरातली बाई बाहेर आली.

"तीन महिने बघत होते अक्का," ती म्हणाली. "पण तुम्हाला विचारायची भीती वाटली, न जाणो काय कानावर येईल." मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "मुलगा येतोय काय?"

"नाही," मी म्हटलं. "पण आहे ना."